वय उलटून गेलेले विद्यार्थी : मुरूड, देवरूख, आंबडवे आणि शिष्यवृत्तीचा इतिहास

१/
१८७५ सालचा पावसाळा. दापोली तालुक्यातील मुरूड गावचे काही तरुण पायी साताऱ्याला निघाले. सरकारी नोकरीसाठी आवश्यक असणारी मराठी सहावीची परीक्षा त्यांना द्यायची होती. पावसामुळे किनाऱ्यावरची गलबते बंद होती, म्हणून मुंबईचे केंद्र आवाक्याबाहेर गेले. उरला सातारा. भर पावसात कुंभार्ली घाट चढून शंभर मैलांहून अधिक वाट त्यांनी तुडवली.

२/
त्या तरुणांत धोंडो केशव कर्वे होते. जन्म १८ एप्रिल १८५८, खेड तालुक्यातील शेरवली या आजोळी. परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते आणि कर्व्यांचे वय तेवढे झालेले होते. परंतु समितीच्या प्रमुखांनी त्यांची किरकोळ शरीरयष्टी पाहिली आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. आले तसे परत जावे लागले. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा उत्तीर्ण केली.

३/
हा प्रसंग कर्व्यांच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून शाळेत सांगितला जातो. त्यामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात जी नवी शिक्षणव्यवस्था उभी राहिली, तिच्यात प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती यांना वयाचे एक वेळापत्रक होते. त्या वेळापत्रकात जे बसत नव्हते, त्यांनी शिक्षण घेतले कसे, आणि त्यांचा खर्च कोणी उचलला? रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाची विलक्षण स्पष्ट उत्तरे सापडतात.

४/
आधी थोडी पार्श्वभूमी. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ नंतर इंग्रजांनी ती प्रथा एकदम मोडली नाही, पण तिचे रूप हळूहळू पालटले. त्या निधीचा काही भाग नव्या महाविद्यालयांतील ‘दक्षिणा फेलो’ या पदांकडे वळला. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. दानाच्या जागी गुणवत्तेवर मिळणारे विद्यावेतन आले.

५/
१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. मॅट्रिकला बसण्यासाठी किमान वय सोळा ठरले. हुशार मुलाने सोळा-सतराव्या वर्षी मॅट्रिक व्हावे, विशीच्या आत बी. ए. व्हावे, हा मार्ग रूढ झाला. शिष्यवृत्त्याही त्याच मार्गावर ठेवलेल्या होत्या. जो वेळेवर निघाला आणि वेळेवर पोहोचला, त्याला त्या मिळत.

६/
वेळेवर पोहोचलेल्या विद्यार्थ्याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यातले. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म १८६६, गुहागर तालुक्यातील कोतळूक. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा गोपाळरावांना धाडू लागले. गोखल्यांना पुढे महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. पण त्या शिष्यवृत्तीपर्यंत त्यांना पोहोचवले ते भावाच्या अर्ध्यावर सोडलेल्या शिक्षणाने.

७/
१८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गोखले बी. ए. झाले, तेव्हा त्यांचे वय अठरा. त्याच साली, त्याच महाविद्यालयातून कर्वेही गणित घेऊन बी. ए. झाले. त्यांचे वय सव्वीस. जिल्हा एक, महाविद्यालय एक, पदवीचे वर्ष एक आणि वयात आठ वर्षांचे अंतर. ही आठ वर्षे गेली कुठे?

८/
मुरूडमध्ये इंग्रजी शिक्षणाची पुरेशी सोय नव्हती. (हे मुरूड हर्णैजवळचे. जंजिऱ्याशेजारचे मुरूड वेगळे.) सोमण गुरुजींसारख्या समाजकार्याची ओढ असलेल्या शिक्षकांमुळे गावात वर्तमानपत्र येई आणि दुर्गादेवीच्या देवळात कर्वे ते गावकऱ्यांना वाचून दाखवीत. मराठी सहावी, मग इंग्रजीचा श्रीगणेशा, काही काळ रत्नागिरीची शाळा आणि नंतर मुंबईचे रॉबर्ट मनी स्कूल, अशी ही वाट. मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी.

९/
तोवर त्यांचे लग्न होऊन बरीच वर्षे लोटली होती. पत्नी राधाबाई. थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. संततिनियमनाचे प्रवर्तक र. धों. कर्वे ते हेच. म्हणजे कर्वे महाविद्यालयात पाऊल ठेवत होते, तेव्हाच बाप झाले होते. घरून पैसा येण्याची शक्यता नव्हती. त्यांनी मुंबईत शिकवण्या धरल्या आणि त्यांवर स्वतःचे शिक्षण व संसार चालवला. शिकवणी हीच अशा विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती होती.

१०/
शिकवण्यांना जोड होती बिऱ्हाडाची. मुंबईत एका खोलीत चार-पाच जणांनी राहायचे, स्वयंपाकाचा खर्च वाटून घ्यायचा, ही कोकणी विद्यार्थ्यांची रीत. कर्व्यांच्या बिऱ्हाडात देवरूखचे नरहरपंत जोशी हे स्नेही होते. पुढे कर्व्यांच्या आप्तांपैकी दापोलीजवळच्या मुर्डीचा एक मुलगाही त्यांच्याकडे शिकायला राहिला. त्याचे नाव रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. या बिऱ्हाडाने पुढच्या सगळ्या इतिहासाला वळण दिले.

११/
नरहरपंतांची बहीण गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. त्यानंतरची वर्षे सासरी राबण्यात गेली. भावाचे घर सांभाळण्यासाठी त्या मुंबईला आल्या तेव्हा विशी उलटली होती. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षांची दारे १८८३ मध्ये उघडली होती. पण ज्या बाईला शाळाच मिळाली नाही, तिला त्या निर्णयाचा उपयोग काय होणार?

१२/
मार्च १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. गोदूबाई तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी ठरल्या. या सदनाचा खर्च अमेरिकेतून येत होता. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले होते. गावोगावच्या मंडळांनी दहा वर्षे दरसाल ठरावीक रक्कम देण्याचे वचन दिले होते. देवरूखच्या एका बालविधवेच्या पाटी-पुस्तकाचे आणि जेवणखाणाचे पैसे अटलांटिकपलीकडच्या वर्गणीदारांनी भरले.

१३/
इथे परांजप्यांचे उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. ते वेळेवर शिकले, परीक्षांत चमकले, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणितात सीनियर रँग्लर झाले. तेव्हा त्यांचे वय तेवीस. त्याच वयात कर्वे मॅट्रिक झाले होते आणि जवळपास त्याच वयात गोदूबाई प्रथमच शाळेत बसल्या होत्या. तिघांचा संबंध एकाच घराशी. बुद्धीतील फरकाने या अंतराचा उलगडा होत नाही. वाट कोणासाठी केव्हा खुली झाली, यावरून तो होतो.

१४/
राधाबाईंचे १८९१ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी पुण्याला आले. रत्नागिरीचेच लोकमान्य टिळक संस्था सोडून गेल्याने गणिताची जागा रिकामी होती. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई झाल्या. पुढे साऱ्या महाराष्ट्राला बाया कर्वे म्हणून परिचित झाल्या. विवाहानंतर त्यांनी नागपूरला जाऊन सुईणपणाचे शिक्षणही घेतले.

१५/
मुरूडने या विवाहाची किंमत वसूल केली. गावाच्या भल्यासाठी नोकरदार मुरूडकरांकडून वर्गणी गोळा करून ‘मुरूड फंड’ उभारणारे कर्वे आपल्याच गावात बहिष्कृत ठरले. त्यांच्यासोबत सभेत बसू नये, त्यांना घरात घेतल्यास आईवरही बहिष्कार पडेल, असे गावाने ठरवले. शिकलेल्या विधवेने पुन्हा संसार मांडणे हा गावाच्या लेखी गुन्हा होता.

१६/
त्याच वर्षी शारदा सदनावर संकट आले. काही विद्यार्थिनी ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, या आरोपावरून वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विधवांना शिकण्यासाठी असलेली जागा आकसली. या पोकळीत १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. १९०० पासून आश्रम तेथील झोपडीत आला आणि कर्वे तिथून रोज पायी फर्ग्युसनला शिकवायला जात.

१७/
आश्रमाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींत बायांची धाकटी बहीण होती. पार्वतीबाई आठवले, जन्म १८७०, देवरूख. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी लहान मुलगा. बहिणीच्या पुनर्विवाहामुळे माहेराला आधीच बोल लागलेला. त्या स्थितीत पंचविशी ओलांडल्यावर त्यांनी रीतसर शिक्षणास प्रारंभ केला, शिक्षिका झाल्या आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरू लागल्या. केशवपन केलेली, विधवेच्या वेषातली एक बाई सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, हे दृश्य त्या काळी नवे होते.

१८/
पार्वतीबाईंचे शिक्षण तेथे थांबले नाही. इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी निधी मिळवावा, या हेतूने १९१८ मध्ये, अठ्ठेचाळीस वर्षांच्या वयात, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. पाठीशी कोणतीही शिष्यवृत्ती नव्हती. त्यांनी अमेरिकन कुटुंबांत घरकाम केले, त्यावर निर्वाह केला आणि भाषा शिकली. १९२० मध्ये त्या परतल्या. परदेशी शिक्षणाच्या आपल्या इतिहासात बॅरिस्टरांची नावे ठळक असतात. भांडी घासून इंग्रजी शिकणाऱ्या या विधवेचे नावही त्या यादीत असायला हवे.

१९/
हे सर्व अनुभव १९१६ मध्ये एका संस्थेत एकवटले. बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांना पाठवली होती. १९१५ च्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेत अध्यक्ष या नात्याने कर्व्यांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ च्या जूनमध्ये विद्यापीठ अस्तित्वात आले आणि जुलैत महिला पाठशाळा सुरू झाली. विद्यार्थिनी अवघ्या पाच. पहिले कुलपती भांडारकर; त्यांचे बालपणीचे शिक्षणही रत्नागिरीत झालेले.

२०/
या विद्यापीठाची घडण पाहिली की ती कोणाला डोळ्यांपुढे ठेवून केली होती, हे ध्यानात येते. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, कारण विशीत अक्षर गिरवणाऱ्या बाईला इंग्रजीचा डोंगर प्रथम चढायला लावणे म्हणजे तिला परत पाठवणे होय. पुढे घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसण्याची सोयही या विद्यापीठाचे महत्त्वाचे अंग ठरली. पदवीचे नावही देशी होते : गृहीतागमा. जिने आगम, म्हणजे शास्त्र, आत्मसात केले आहे ती.

२१/
पण या पदवीला सरकारची मान्यता नव्हती. गृहोपयोगी विषयांवर भर आणि इंग्रजीला दुय्यम स्थान, यामुळे हे शिक्षण कमी दर्जाचे ठरेल, असा आक्षेप सुशिक्षितांतूनही आला. तो निराधार नव्हता. मान्यता नसलेली पदवी घेऊन नोकरीच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या स्त्रीला त्याची झळ बसत होती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला लाभले. तरी वैधानिक दर्जा मिळाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने, जो १९५१ मध्ये अमलात आला.

२२/
दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. हिंगण्याच्या आश्रमात सुरुवातीच्या काळात मुख्यतः ब्राह्मण विधवांनाच प्रवेश होता. वय आणि वैधव्य यांचे अडसर दूर करणारी संस्था जातीच्या अडसरापाशी थांबली होती. म्हणून याच जिल्ह्यातील आणखी एका घराण्याकडे वळल्याशिवाय ही कहाणी पूर्ण होत नाही.

२३/
मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. भीमराव आंबेडकरांचे मूळ गाव. एल्फिन्स्टनमध्ये शिकताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची मदत होती. १९१३ मध्ये त्याच संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार. मदत आणि बंधन एकाच कागदावर होते.

२४/
१९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. बडोद्यात मोठ्या हुद्द्यावर असूनही जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. लंडन विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे नेण्याची परवानगी दिली होती. तो एक कागद त्यांच्या हाती उरला.

२५/
त्या मुदतीत पैसा उभा करायचा होता. आंबेडकरांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून शिल्लक टाकली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले. १९२० मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, कुटुंब मुंबईत ठेवून ते पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांना मिळाल्या. खंड पडलेल्या शिक्षणाने इतकी उंची गाठल्याचे उदाहरण विरळा.

२६/
या कहाण्या एकत्र ठेवल्या की पैशाचे मार्ग स्पष्ट दिसतात. भावाचे आठ रुपये, मुंबईच्या शिकवण्या, बोस्टनची वर्गणी, अमेरिकेतले घरकाम, संस्थानिकाचा करार, मित्राचे कर्ज. सरकारी शिष्यवृत्ती या यादीत जवळजवळ नाहीच. ती परांजप्यांसारख्या सरळ मार्गाने आलेल्या गुणवंतांसाठी होती. वळणावळणाने आलेल्यांचा खर्च नातेवाईक, स्नेही, दाते आणि त्यांचे स्वतःचे हात यांनी उचलला.

२७/
यातले सर्वच जण आत्मचरित्र लिहिण्याइतके जगले नाहीत; पण कर्व्यांनी ‘आत्मवृत्त’, बायांनी ‘माझे पुराण’ आणि पार्वतीबाईंनी ‘माझी कहाणी’ लिहिली. एका घरातून तीन आत्मचरित्रे, आणि त्यांतली दोन विशी-पंचविशीनंतर शाळेत गेलेल्या स्त्रियांची. पार्वतीबाईंच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९३० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. जिथे त्या इंग्रजी शिकायला मोलकरीण म्हणून राहिल्या, तिथेच त्यांचे जीवन इंग्रजीत वाचले गेले.

२८/
१९५८ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण करताना, महर्षी कर्वे यांना भारतरत्न मिळाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट निघाली. आज तिशीतली गृहिणी किंवा चाळिशीतला कामगार प्रवेश अर्ज भरतो, तेव्हा उशीर झालेल्या विद्यार्थ्यासाठी नियमांत जागा असते. ती जागा आपोआप झालेली नाही. मुरूड, देवरूख आणि आंबडवे या गावांतून निघालेल्या माणसांना ती मिळाली नव्हती. त्यांनी ती करायला भाग पाडले.